चूल, भांडें आणि नाग नदी

घर स्वच्छ करणें हें काम इतकें नित्याचें आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. लढाया आणि तह यांच्या तारखा मुलांना तोंडपाठ असतात. परंतु पणजीच्या हातांत भांडीं घांसतांना काय असे, आणि तें आज आईच्या हातांत कां नाहीं, असें विचारलें तर घरांतील वडील मंडळींनाही क्षणभर थांबावें लागेल. तरी हा इतिहास आहे, आणि नागपूरसारख्या शहरांत तो नदीच्या पाण्यांत उतरलेला स्पष्ट दिसतो.

अलीकडे सुशिक्षित घरांतून स्वच्छतेचीं तीव्र रसायनें टाळावीं आणि त्यांच्या जागीं सौम्य, निसर्गास कमी अपायकारक असे पदार्थ वापरावे, हा विचार बळावत आहे. विचार चांगला आहे. मात्र त्याच्या पाठोपाठ एक समजूतही पसरते. ती अशी कीं, पूर्वीं सारें निर्मळ होतें, मध्येंच कारखान्यांनीं मोह घातला आणि घरें फसलीं. जुनीं साधनें कां होतीं, कां गेलीं आणि जातांना आपल्याबरोबर काय घेऊन गेलीं, हें पाहिल्यावांचून या समजुतींत खरें किती आणि खोटें किती तें कळणार नाहीं.

जुन्या नागपूरचें घर डोळ्यांपुढें आणावें. बख्त बुलंद शहा या गोंड राजानें अठराव्या शतकाच्या आरंभीं नाग नदीच्या कांठीं हें शहर वसविलें. पुढें रघूजी भोसल्यांनीं येथें आपली राजधानी केली, आणि महाल, इतवारी या भागांत वाड्यांची दाट वस्ती झाली. वाड्यांतील चूल मातीची, पुष्कळशी जमीन मातीची, भांडीं तांब्यापितळेचीं आणि इंधन लाकडांचें व गोवऱ्यांचें. घरांत जें घांसावयाचें, पुसावयाचें वा धुवावयाचें, त्याचें साधन या चार गोष्टींनीं ठरवून दिलेलें होतें. चुलींत रोज राख पडे. तीच भांड्यांना लागे. तांब्यापितळेवर चढणारा काळसर थर चिंचेनें निघे. मातीची जमीन शेणानें सारवली जाई, आणि भिंतींना चुन्याचा हात फिरे. रेशमी वस्त्रें, लोकरीच्या शाली आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यांत निघत. केसांना शिकेकाई असे. यांपैकीं पुष्कळ वस्तूंना पैसा मोजावा लागत नसे. त्या चुलींतून, गोठ्यांतून किंवा परसांतून येत.

या वस्तूंचे गुण लोकांना अनुभवानें कळले होते. त्यांचीं कारणें रसायनशास्त्रानें मागाहून सांगितलीं. लाकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचा क्षार असतो. तो पाण्यांत विरघळला कीं भांड्यावरील तेलकटपणा सुटूं लागतो, आणि राखेचे बारीक कण उरलेला थर खरवडून काढतात. चिंचेंत टार्टरिक अम्ल असतें. धातूवर हवेनें आलेला गंज त्यांत विरघळतो. रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचें फेसाळ द्रव्य असतें. तें मळ धरतें, पण रेशमाच्या नाजूक धाग्याला क्षारासारखें खात नाहीं. ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारापुढें जंतूंचा टिकाव लागत नाहीं. तात्पर्य, क्षार, अम्ल आणि फेस हीं तिन्ही साधनें गृहिणीच्या हाताशीं होतीं, आणि कोणतें कशावर चालवावें याचें ज्ञानही तिच्याजवळ होतें. रेशमाला राख लावूं नये, कल्हईवर जाड वाळू घांसूं नये, हें मुलीला शिकविण्यासाठीं शाळा लागत नसे.

क्षारांचा व्यापार तर या प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर चाले. नागपूरच्या पश्चिमेस, वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारचें प्रसिद्ध सरोवर आहे. काळ्या पाषाणाच्या पठारावर अशनी आदळून झालेल्या सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरांत हें पाणी सांठलें आहे, आणि तें अत्यंत क्षारयुक्त आहे. अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथांत वऱ्हाडच्या वर्णनांत लोणारचा उल्लेख असून, कांच व साबण करण्यास लागणारा माल तेथें मिळतो, अशी नोंद आहे. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं कांठावर क्षारांचे थर बसत. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं त्यांच्या निरनिराळ्या प्रतींचीं नांवें होतीं. सोडा म्हणजे केवळ विलायतेहून आलेली वस्तु, ही समजूत या नांवांपुढें टिकत नाहीं.

मग हा क्षार मागें कां पडला? त्याचें उत्तर फ्रान्समध्यें सांपडतें. निकोला लब्लांक यानें १७९१ मध्यें साध्या मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. ही कृति पुढें इंग्लंडमध्यें फोफावली आणि कांच, कापड व साबण या तिन्ही धंद्यांना स्वस्त सोडा मिळूं लागला. पण कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या अम्लाच्या वाफेनें भोंवतालचीं झाडें करपलीं, आणि १८६३ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच सुमारास बेल्जममधील अर्नेस्ट सॉल्व्हे यानें सोडा करण्याची दुसरी रीत काढली. तिच्यांत तो अम्लाचा धूर नव्हता आणि खर्चही कमी होता; म्हणून जुनी रीत हळूहळू मागें पडली. कमी अपायकारक साधनाकडे वळण्याचें हें मोठें आणि जुनें उदाहरण आहे. कायद्याचा धाक आणि स्वस्ताई या दोहोंनीं मिळून तो पालट घडविला, ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल म्हणून ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचली, आणि बंदरावर उतरणारा माल थेट मध्यप्रांताच्या बाजारांत येऊं लागला. १८८८ मध्यें लीव्हर बंधूंचा 'सनलाइट' साबण कलकत्त्याच्या बंदरांत उतरला. साबण हा शब्द मूळचा अरबी असून साबण करणारे कारागीर या देशांत पूर्वींपासून होते. पण सारख्या आकाराच्या, एकाच गुणाच्या वड्या ही गोष्ट नवी होती. साबणांत जनावरांची चरबी असते या शंकेमुळें पुष्कळ घरांत तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. १९१८ च्या सुमारास मुंबईच्या गोदरेज कंपनीनें वनस्पतींच्या तेलांपासून साबण काढला, तेव्हां त्या शंकेला स्वदेशी उत्तर मिळालें.

साबणाचा प्रश्न नागपूरच्या शेजारीं वेगळ्या रीतीनेंही हातीं घेतला गेला. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचें मुख्य ठिकाण वर्धा येथें मगनवाडींत होतें आणि जो. कॉ. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. घाणीचें तेल, हातकागद, गूळ आणि मधमाशापालन यांच्या जोडीनें साबण करणें हाही संघाच्या उद्योगांपैकीं एक होता. खाण्यास निरुपयोगी तेल आणि जवळपास मिळणारा क्षार यांपासून खेड्यांतच साबण व्हावा, हा त्यामागील विचार होता. कुमारप्पांचें अर्थशास्त्र एकाच प्रश्नाभोंवतीं फिरे : वस्तु कोठून येते आणि वापरल्यावर कोठें जाते? पुढें निरनिराळ्या शास्त्रज्ञांनीं नदीच्या कांठीं बसून जो प्रश्न विचारला, तो हाच. १९४२ मध्यें रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून नागपुरांत तंत्रशास्त्राची जी संस्था निघाली, तींतही तेल व साबण यांचें शास्त्र हा अभ्यासाचा एक विषय झाला. म्हणजे साबण कसा करावा हें शिकविणाऱ्या दोन शाळा, एक ग्रामोद्योगाची आणि एक विज्ञानाची, या भागांत फार अंतरावर नव्हत्या.

यानंतरचा पालट मात्र शाळांनीं घडविला नाहीं. तो चुलीनें घडविला. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत शहरी घरांत रॉकेलचा स्टोव्ह आला आणि मागाहून गॅसची शेगडी आली. राख पडणेंच बंद झालें. तांब्यापितळेच्या जागीं स्टेनलेस स्टील आलें, तेव्हां कल्हईवाला दारावर येईनासा झाला आणि चिंचेचें कामही उरलें नाहीं. मातीच्या जमिनीवर फरशी बसली, आणि सारवण्याऐवजीं पुसणें सुरू झालें. राखेचा त्याग करावा असें कोणत्याही गृहिणीनें ठरविलें नव्हतें. राख देणारी चूल गेली, राख मागणारें भांडें गेलें, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दुकानांतील पुडा येऊन बसला.

तो पुडाही साधा नव्हता. विहिरीच्या जड पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबण त्यांच्याशीं मिळून चिकट साका होतो, फेस येत नाहीं आणि कपड्यावर करडा थर बसतो. पहिल्या महायुद्धांत तेलातुपाचा तुटवडा पडला असतां जर्मनींत कृत्रिम प्रक्षालकांचा शोध सुरू झाला. हीं द्रव्यें जड पाण्यांतही काम देतात. आणि त्यांच्या जोडीला फॉस्फेट घातलें कीं तें पाण्यांतील कॅल्शियमला बांधून ठेवतें. अमेरिकेंत १९४६ मध्यें आलेली 'टाइड' पावडर याच मेळावर यशस्वी झाली. भारतांत 'सर्फ' १९५९ मध्यें आली. १९६९ मध्यें अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनीं 'निरमा' ही पावडर काढून ती फार कमी किमतींत दारोदार विकली, तेव्हां जें श्रीमंतांचें होतें तें सर्वांचें झालें. ज्या बाईला वडी घांसून घांसून कपडे आपटावे लागत, तिचे कष्ट भिजविलेल्या पावडरीनें खरोखर कमी केले. हें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल.

या सोयीची किंमत मात्र घराबाहेर वसूल होऊं लागली. १९५० नंतर युरोप-अमेरिकेंतील नद्यांवर पांढऱ्या फेसाचे ढीग दिसूं लागले. पहिल्या पिढींतील प्रक्षालकांच्या रेणूला फांद्या होत्या, आणि सूक्ष्म जंतूंना तो सहज खातां येत नव्हता. पश्चिम जर्मनीनें १९६१ मध्यें कायदा करून हीं द्रव्यें कुजणारीं असलीं पाहिजेत अशी अट घातली. अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९६५ पर्यंत सरळ साखळीचा रेणू स्वीकारला. फेस ओसरला, तोंच फॉस्फेटचा प्रश्न उभा राहिला. फॉस्फरस हें वनस्पतींचें खत आहे. तलावांत तें पडलें कीं शेवाळ माजतें. तें मरून कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें, आणि मासे गुदमरतात. ईरी सरोवराची अशी दशा झाल्यावर अमेरिका व कॅनडा यांनीं १९७२ मध्यें करार करून फॉस्फरसला आळा घातला. दोन्ही वेळां धुणें बंद झालें नाहीं, कपडे मळके राहिले नाहींत. पुड्यांतील द्रव्य मात्र बदललें.

आतां नाग नदीकडे यावें. नागपूरच्या पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांकडे ती उगम पावते, अंबाझरीच्या तलावाचें सांडव्याचें पाणी घेते, शहराच्या मधून वाहते आणि पुढें कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याच्या परिसरांत वैनगंगेला मिळते, आणि त्याच्या खालीं पवनीजवळ गोसेखुर्दचें मोठें धरण आहे. म्हणजे नागपुरांतील मोरींतून निघालेलें पाणी भंडारा जिल्ह्याच्या धरणांत जाऊन थांबतें. ज्यांनीं तें पाणी मळविलें नाहीं, अशा नदीकांठच्या गांवांनीं त्याविषयीं वर्षानुवर्षें तक्रार केली आहे. शहरानेंही उपाय केले आहेत. भांडेवाडी येथें सांडपाणी शुद्ध केलें जातें, आणि त्यांतील मोठा भाग कोराडीच्या वीजकेंद्राला दिला जातो. तरी नदींत येणारें सर्व पाणी शुद्ध होऊन येतें असें नाहीं.

या दशेचा सारा दोष धुण्याच्या पावडरीवर घालणें शास्त्राला धरून होणार नाहीं. सांडपाण्यांतील फॉस्फरसचा मोठा वांटा मलमूत्रांतून येतो. प्रक्षालकें त्यांत भर घालतात. पण ती भर नेमकी घरमालकाच्या हातांत आहे, हा मुद्दा आहे. शिवाय आजचीं सरळ साखळीचीं प्रक्षालकें प्राणवायु असेल तेथेंच लवकर कुजतात. जी नदी आधींच गुदमरलेली आहे, तिच्यांत तीं तशींच रेंगाळतात. नागपुरांतच १९५८ मध्यें सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, आणि १९७४ मध्यें तिलाच 'नीरी' हें नांव मिळालें. सांडपाण्याचें शास्त्र शिकविणारी देशांतील ही अग्रगण्य संस्था ज्या शहरांत आहे, त्या शहराच्या नदीनें अशी वाट पाहावी, हें लक्षांत राहण्याजोगें आहे.

लोणारची कथा याहून बोचरी आहे. ज्या सरोवरानें एके काळीं धुण्याचा क्षार पुरविला, त्याच सरोवरांत येणारें गांवचें सांडपाणी थांबवावें म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें दाद मागावी लागली. २०२० मध्यें या सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत स्थान मिळालें. क्षार देणारें पाणी धुणाचें पाणी पोटांत घेऊं लागलें, तेव्हां चक्र पुरें झालें.

मग जुन्याकडे परत जावें काय? जुनें सर्वस्वी सौम्य होतें हें खरें नाहीं. राखेच्या क्षारानें हात फुटत. विहिरीचें पाणी शेंदणें, नदीवर धुणें नेणें आणि ओणव्यानें जमीन सारवणें हें काम घरच्या स्त्रियांच्या, किंवा त्याहून गरीब स्त्रियांच्या, अंगावर पडे. रिठाही निरुपद्रवी नाहीं. त्यांतील सॅपोनिन माशांना विषारी आहे, आणि मासे गुंगविण्यासाठीं कांहीं ठिकाणीं अशा फळांचा उपयोग केला जात असे. झाडाला लागलें म्हणून तें निर्दोष आणि कारखान्यांत झालें म्हणून तें विषारी, हा नियम निसर्गाचा नव्हे. आज 'नैसर्गिक' असा शब्द बाटलीवर छापून दाम दुप्पट करतां येतो. म्हणून तर हा विवेक अधिक हवा.

जुन्या घराजवळून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती राख नव्हे. कोणत्या मळाला कोणतें साधन लागतें, आणि किती लागतें, हें तें घर जाणत होतें. तेलकटाला क्षार लागतो : धुण्याचा सोडा गरम पाण्यांत थोडासा पुरतो, आणि जड पाणीही हलकें करतो, ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र तो लावूं नये. नळाभोंवतीं व बादलीवर बसलेला पाण्याचा पांढरा थर अम्लानें जातो. त्याला लिंबू किंवा व्हिनेगर पुरें. तेंच अम्ल संगमरवरावर पडलें तर दगड खाऊन टाकतें. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले तर बुडबुडे पुष्कळ येतात, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. काम कोणाचेंच होत नाहीं. रेशमाला व लोकरीला रिठा आजही उत्तम आहे. पावडर चमचाभर पुरत असतां मूठभर घालणें, यानें कपडा अधिक स्वच्छ होत नाहीं. खळबळावयास पाणी मात्र अधिक लागतें. घरांत सांथीचा रोगी असेल तर ब्लीचिंग पावडरचें पातळ द्रावण हें योग्यच साधन आहे; रोजच्या फरशीला त्याची गरज नसते.

आणि एक गोष्ट प्राणाशीं गांठ घालणारी आहे. संडास धुण्याचें अम्ल आणि ब्लीच हीं एकत्र केलीं तर क्लोरिन वायु सुटतो. पहिल्या महायुद्धांत सैनिकांवर सोडलेला वायु तो हाच. अमोनियाबरोबरही ब्लीच मिसळूं नये. अम्लाची वा फिनाइलची बाटली शीतपेयाच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवण्याची संवय तर ज्या घरांत मूल आहे तेथें क्षणभरही असूं नये. घरीं काम करणाऱ्या बाईला वाचतां येत नसेल, तर बाटलींत काय आहे आणि तें कशांत मिसळूं नये, हें तिला सांगणें हें घरमालकिणीचें कर्तव्य आहे. कारण धूर आधीं तिच्या नाकांत जाणार असतो.

सरकारनें १९९१ मध्यें पर्यावरणास अनुकूल वस्तूंसाठीं 'इकोमार्क' ही खूण काढली, आणि तिच्यासाठीं मातीचें मडकें हें चिन्ह निवडलें. साबण व प्रक्षालकें यांचा तींत आरंभापासून समावेश होता. पण कारखानदार थोडे पुढें आले आणि गिऱ्हाइकांनीं ती खूण मागितली नाहीं, म्हणून तें मडकें दुकानांत क्वचितच दिसलें. लब्लांकची रीत गेली ती कायद्यानें आणि स्वस्ताईनें. ईरी सरोवर सांवरलें तें दोन राष्ट्रांच्या करारानें. घरांतील एकट्या गृहिणीच्या सद्बुद्धीवर नदीचा सारा भार टाकणें योग्य नव्हे. परंतु कायदा मागणारे लोकही घरांतूनच तयार होतात, आणि मोरींत काय ओतलें जातें याची जाण असलेलें घरच तो कायदा मागूं शकतें.

मळ नाहींसा होत नसतो. तो येथून उठून दुसरीकडे जातो. जुन्या काळीं तो परसांतील केळीच्या आळ्यांत जाई, आणि तेथवर तो नेणाऱ्या हातांना त्याची माहिती असे. आज तो नाग, कन्हान आणि वैनगंगा या वाटेनें गोसेखुर्दच्या पाण्यांत जातो, आणि मोरीची जाळी बसविली कीं घराची त्याच्याशीं असलेली ओळख संपते. ती ओळख पुन्हा व्हावी, एवढेंच या इतिहासाचें सांगणें आहे. नागपूरच्या घरांतून भांडीं घांसून झाल्यावर जें पाणी वाहून जातें, त्याच्या कांठीं पुढें कोणाचें तरी गांव आहे, आणि त्या गांवांतही संध्याकाळीं कोणी घागर घेऊन पाण्यावर येतें.